लिहिणाऱ्याचा गळा

2004 सालच्या 15 मेला वामनदादा कर्डक गेले आणि पुढच्याच महिन्यात, 23 जूनला, प्रल्हाद शिंदे. एकाने आयुष्यभर गाणी रचली, दुसऱ्याने ती आणि इतरांचीही गाणी घरोघर पोचवली. दोघांच्या जाण्यात जेमतेम साडेपाच आठवड्यांचं अंतर होतं, पण त्यानंतर दोघांच्या वाट्याला आलेलं स्मरण मात्र सारखं राहिलं नाही. कल्याणच्या पुढे कर्जतकडे जाणाऱ्या रुळांच्या दोन्ही अंगांना विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर असा पट्टा आहे. 14 एप्रिलला, आंबेडकर जयंतीच्या दिवशी, तिथल्या कुठल्याही वस्तीत उभं राहिलं, तर कर्ण्यातून शिंदे घराण्याचा आवाज कानी पडतो; आधी प्रल्हाद, मग आनंद आणि मिलिंद, आता आदर्श. त्या आवाजावर स्वार होऊन येणाऱ्या शब्दांपैकी कितीतरी शब्द वामनदादांचे असतात. ऐकणाऱ्यांना ते पाठ असतात, वामनदादांचं नावही ठाऊक असतं आणि ते आदराने घेतलं जातं. पण वामनदादा स्वतः कसे गात, हे फार थोड्यांच्या कानांत उरलं आहे. त्यांच्या आवाजातली ध्वनिमुद्रणं आहेत. ती ऐकलीही जातात, पण बहुधा स्मृती म्हणून, जुन्या छायाचित्राकडे पाहावं तशी. माझं म्हणणं असं की ही ध्वनिमुद्रणं म्हणजे गाण्याचा कच्चा खर्डा नव्हे. वामनदादांच्या रचनेचा एक महत्त्वाचा अर्थ त्यांच्याच गळ्यात शिल्लक आहे, आणि तो छापील संग्रहातही सापडत नाही, मोठ्या गायकांच्या मुद्रणातही सापडत नाही.

हे म्हणणं या पट्ट्यापासून मांडायला सुरुवात करावी, याला कारण आहे. ही गाणी जगली ती अशाच गावांत. दुसऱ्या महायुद्धातली लष्करी छावणी फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना राहायला दिली गेली आणि 1949 साली कल्याण कॅम्पचं उल्हासनगर झालं. आजही तिथले लोक पत्ता सांगताना एक ते पाच नंबरचा कॅम्प सांगतात. अंबरनाथला काड्यापेट्यांचा विमको कारखाना स्वातंत्र्यापूर्वीपासूनचा, पुढे ऑर्डनन्स फॅक्टरी आली, शहाडला पन्नाशीच्या दशकात सेंच्युरी रेयॉन उभी राहिली, आणि अंबरनाथ-बदलापुरात औद्योगिक वसाहती वाढल्या. या कारखान्यांच्या, रेल्वेच्या आणि नगरपालिकांच्या कामांवर नाशिक, नगर, खानदेश, मराठवाडा इथून माणसं आली. 1972 च्या दुष्काळाने तो ओघ वाढला. शेजारच्या कॅम्पात सिंधी माणसं मुलूख हरवल्यावर आपली गाणी जपत होती आणि अलीकडच्या वस्त्यांत गाव सोडून आलेली बौद्ध कुटुंबं आपली नवी गाणी घडताना ऐकत होती. लग्न असो, नामकरण असो, बुद्धजयंती असो, मैदानात किंवा चाळीच्या अंगणात मांडव पडायचा आणि गायन पार्टी बसायची. पेटी, ढोलकी, झांज, मागे कोरस. ज्यांना पुस्तक परवडत नव्हतं किंवा वाचता येत नव्हतं, त्यांच्यासाठी बाबासाहेबांचा विचार पोचवण्याची वाट ही होती.

वामनदादा अशाच श्रोत्यांमधून वर आले. जन्म 15 ऑगस्ट 1922 चा, नाशिक जिल्ह्यातल्या सिन्नर तालुक्यातल्या देसवंडीचा. मुंबईत येऊन त्यांनी मिळेल ते कष्टाचं काम केलं. तरुणपणापर्यंत त्यांना अक्षरओळख नव्हती. कुणीतरी पत्र वाचून द्यायला सांगितलं आणि ते वाचता आलं नाही, ही बोच त्यांना लागली. मग ते अक्षरं शिकले आणि दुकानांच्या पाट्या वाचत वाचत त्यांनी जोडाक्षरं पक्की केली. पहिलं गाणं त्यांनी 1943 साली रचलं, तेही एका हिंदी गाण्याच्या चालीवर केलेलं विडंबन. या तपशिलात माझ्या मुद्द्याचं बीज आहे. ज्याच्या घडणीत कान डोळ्यांच्या कितीतरी आधी तयार झाला, त्याच्यासाठी गाणं म्हणजे आधी कागदावर लिहून नंतर चाल लावलेली वस्तू नसते. शब्द चालीच्या हातात हात घालून येतो, आणि तो कुठे थांबायचा, कुठे झटका द्यायचा, हे रचतानाच ठरलेलं असतं. ‘वाटचाल’ हा त्यांचा पहिला गीतसंग्रह 1973 साली आला, म्हणजे पहिल्या गाण्यानंतर तीस वर्षांनी. ‘मोहळ’ आणि ‘हे गीत वामनाचे’ हे संग्रह त्यानंतर आले. तीस वर्षं ही गाणी मुख्यतः गळ्यांत राहिली आणि मग कागदावर उतरली. त्यामुळे छापील संग्रहाला मूळ प्रत मानणं म्हणजे क्रम उलटा लावणं आहे.

त्यांच्यामागे परंपराही तशीच होती. सत्यशोधक जलशांनी तमाशातला गण-गवळण-वगाचा साचा उचलला आणि त्यात शेतकऱ्याच्या लुबाडणुकीची, भटशाहीची कथा भरली. पुढे आंबेडकरी जलसे उभे राहिले; नाशिक जिल्ह्यातल्या भीमराव कर्डकांचा जलसा 1930 च्या दशकात गावोगाव फिरला. भीमराव आणि वामनदादा यांचं आडनाव एक असलं, तरी माणसं वेगळी आणि पिढ्याही वेगळ्या. पण रीत एकच. जलशात रचणारा आणि म्हणणारा यांच्यात भिंत नसे. शाहीर स्वतः उभा राही, गाणं म्हणे, मध्येच थांबून समजावून सांगे, समोरच्या गावाची अडचण ओळखून शब्द फिरवी आणि पुन्हा ध्रुपदावर येई. गाणं हे सभेतलं भाषणच होतं, फक्त ते लक्षात राहील अशा घाटाचं. भाषण एकाने लिहावं आणि दुसऱ्याने सुरेल आवाजात वाचून दाखवावं, असं आपण सहसा मानत नाही, कारण तिथे बोलणाऱ्याची साक्ष महत्त्वाची असते. जलशातल्या गाण्यालाही हेच लागू होतं. वामनदादा या रीतीचे शेवटच्या मोठ्या वारसांपैकी होते. महाराष्ट्रभर ते आपली गाणी आपणच गात फिरले.

रचणारा आणि गाणारा यांची फारकत झाली ती ध्वनिमुद्रणाच्या धंद्यात. 78 फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर साधारण तीन मिनिटं मावत. तेवढ्यात ध्रुपद, दोन-तीन अंतरे आणि मधलं वाद्यसंगीत बसवायचं, तर बाकीची कडवी गळणारच. तबकडीच्या लेबलावर गायकाचं नाव ठळक, कवीचं बारीक. 1980 च्या दशकात कॅसेट आली, मुद्रण स्वस्त झालं, आणि तोवर मोठ्या कंपन्यांच्या दारात न पोचलेली भीमगीतं, कव्वाल्या आणि दुरंगी सामने लाखो घरांत गेले. 6 डिसेंबरला, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाण दिनी, दादरला शिवाजी पार्कवर पुस्तकांच्या शेजारी कॅसेटींचे ढीग लागू लागले, आणि बदलापूरपासूनच्या गाड्या भरून आलेली माणसं त्या घरी नेऊ लागली. कॅसेटमुळे या संगीताला बाजारपेठ मिळाली, हे ऋण मोठं आहे. पण बाजारपेठेने नाव आणि छायाचित्र गायकाचंच विकलं. कायद्याची वाटचालही हीच फारकत दाखवते. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात गीताचा लेखक आणि ध्वनिमुद्रणाचा मालक हे दोन वेगळे हक्कदार आहेत. गाणाऱ्याच्या कलेला स्वतंत्र हक्क मिळाला 1994 च्या दुरुस्तीने. चित्रपटात किंवा ध्वनिमुद्रिकेत वापरलेल्या गीताच्या पुढच्या कमाईतला वाटा गीतकाराने आधीच सोडून देऊ नये, अशी तरतूद आली ती 2012 साली, वामनदादांच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनी. जो एकाच वेळी रचणारा आणि गाणारा आहे, त्याची गाणी एक अखंड कृती आहेत, हे ओळखायला या व्यवस्थेत जागाच नव्हती.

आता पुरावा गाण्यांच्या आतला. वामनदादांच्या बहुतेक रचनांच्या शेवटच्या कडव्यात ‘वामन’ ही नाममुद्रा येते, अभंगात येते तशी, गझलेच्या मक्त्यात येते तशी. दुसरा गायक ती म्हणतो तेव्हा ती श्रेयनामावली होते. अमक्याने हे लिहिलं, असं आपल्याला कळतं आणि गाणं संपतं. वामनदादा स्वतः ती म्हणतात तेव्हा तीच ओळ कबुली होते. आतापर्यंत समाजाला उद्देशून बोलणारा माणूस शेवटी स्वतःचं नाव घेऊन त्या समाजात जाऊन उभा राहतो. जे मागितलं ते मीही द्यायचं आहे, ज्याचा ठपका ठेवला त्यात मीही आलो, असा तो भाव. व्याकरण तेच, शब्द तेच, पण बोलणाऱ्याची जागा बदलली की वाक्याचं वजन बदलतं. कागदावर हा फरक दिसत नाही, कारण कागदाला आवाज नाही. मोठ्या गायकाच्या मुद्रणातही तो दिसत नाही, कारण तिथे बोलणारा वेगळा आहे. तो फक्त कर्त्याच्या गळ्यात ऐकू येतो.

दुसरा पुरावा त्यांच्या टीकेच्या गाण्यांचा. देशातल्या बड्या भांडवलदारांची नावं घेऊन, संपत्ती कुठे आहे आणि तिच्यात आमचा वाटा कुठे आहे, असं विचारणारं त्यांचं गाणं प्रसिद्ध आहे. बाबासाहेबांच्या मताची मोजकी माणसं जरी खरोखर असती तरी चित्र वेगळं दिसलं असतं, असं आपल्याच लोकांना सुनावणारंही. ही दोन्ही गाणी आज जयंतीच्या मिरवणुकीत ढोलकीच्या वाढत्या लयीत वाजतात आणि लोक त्यांवर नाचतात. नाचावंच, सण आपला आहे. पण दुसरं गाणं मुळात सणाचं नाही. ते चळवळीच्या फाटाफुटीवरचं, अनुयायांच्या ढिलाईवरचं दुःख आहे, आणि दुःखाला ठेका लागला की त्यातला आरोप कुणाच्याच अंगाला लागत नाही. वामनदादांच्या गाण्यात साथ मोजकी असते आणि शब्द पुढे असतो. सुरांच्या सजावटीत न गुंतता ते शब्दावर ठेपतात, आणि प्रश्न प्रश्नासारखाच उभा राहतो. पहिल्या गाण्यातला हिशेबही त्यांच्या तोंडी हिशेब म्हणूनच येतो, म्हणजे ज्याने अंगमेहनत केली आहे तो माणूस मजुरी मोजताना जसा बोलेल तसा. मोठा आवाज हे गाणं हजारांपर्यंत नेतो, यात शंका नाही. पण जाता जाता तो त्याला घोषणेच्या बाजूला झुकवतो. कर्त्याचा आवाज त्याला प्रश्नाच्या बाजूला रोखून धरतो.

यावर पहिला आक्षेप साधा आणि प्रामाणिक आहे. वामनदादांचा गळा कमावलेला नव्हता, आणि प्रल्हाद शिंद्यांचा बुलंद, खर्जापासून तारापर्यंत फिरणारा आवाज किंवा शाहीर विठ्ठल उमपांचं नाट्य त्यात नव्हतं. मग जे गायक अधिक चांगलं गातात त्यांचंच ऐकावं, मूळ कवीचं कशाला? मला या आक्षेपातलं ‘चांगलं’ हे माप अपुरं वाटतं. स्वराचा पल्ला, तान, आवाजाची फेक हे गुण मैफलीचे आहेत. जलशाच्या गाण्याचे गुण निराळे: शब्द स्वच्छ पोचणं, ओळीचा भार योग्य जागी पडणं, श्रोत्याला आपल्याशी कुणी बोलतं आहे असं वाटणं. त्या मापाने वामनदादांचं गाणं उणं पडत नाही. शिवाय हा आक्षेप मोठ्या गायकांवरही अन्याय करतो. त्यांनी मूळ रचनेत काय बदललं, कुठे आपली भर घातली, हे कळायला आधी मूळ ऐकलं पाहिजे. कर्त्याचं गाणं शेजारी ठेवलं की प्रल्हाद शिंद्यांची कामगिरी लहान होत नाही. ती नेमकी काय होती, ते दिसू लागतं.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. ही लोकगाणी आहेत, ती लोकांची झाली, आता त्यांना एकच मूळ आवाज शोधणं म्हणजे लोकपरंपरेवर कागदी मालकी लादणं. तुकोबांचा आवाज आपल्याकडे नाही, तरी अभंग साडेतीनशे वर्षं वारकऱ्यांच्या गळ्यांत जगले आणि वाढले. हे खरं आहे. पण तुकोबांचा आवाज आपण टाकून दिला नाही. तो टिकवायचं साधन तेव्हा नव्हतं. वामनदादांच्या बाबतीत साधन होतं आणि आवाज काही प्रमाणात टिकला आहे. जे नाही त्यावाचून भागवणं आणि जे आहे त्याकडे पाठ फिरवणं यांत फरक आहे. आणखी एक गोष्ट या आक्षेपात निसटते. ज्या समाजाला शतकानुशतकं नाव, सही, कागद, मालकी यांपासून दूर ठेवलं गेलं, त्या समाजातल्या कर्त्याचं काम ‘लोकांचं’ म्हणून निनावी करणं हा कौतुकाचा सोपा मार्ग आहे, पण न्यायाचा नाही. वामनदादांनी बहुतेक गाण्यांच्या शेवटी आपलं नाव विणलं ते याच इतिहासाच्या विरोधात. ते नाव त्यांच्याच तोंडून ऐकण्याने लोकांचा हक्क कमी होत नाही. लोक गातच राहतील. फक्त कुणाचं गातो आहोत, ते त्यांच्या कानांना माहीत असेल.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा: जे ऐकायला मिळतं त्यात उतारवयातलं बरंच, मुद्रण ओबडधोबड, मागे गोंगाट, त्यावरून कर्त्याच्या कलेचा न्याय कसा करणार? इथे दूरच्या एका उदाहरणाचा उपयोग होतो. अमेरिकेच्या दक्षिण भागात मिसिसिपीत जन्मलेले जॉर्ज जॅक्सन हे काळे गीतकार सोल संगीतासाठी रचना करत. अलाबामातल्या मसल शोल्स गावच्या फेम स्टुडिओत त्यांनी गाणी बांधली; त्यांचं ‘वन बॅड अ‍ॅपल’ ऑस्मंड्स या गोऱ्या भावंडांच्या आवाजात 1971 साली अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोचलं. जॅक्सन स्वतः उत्तम गात, पण त्यांनी स्टुडिओत गायलेली बरीच गाणी गायकांना चाल दाखवण्यापुरती मानली गेली आणि फितींवर पडून राहिली. 2011 साली एका इंग्रज कंपनीने त्या फितींतून निवड करून तबकडी काढली, तेव्हा रसिकांना कळलं की नमुना म्हणून बाजूला ठेवलेल्या मुद्रणांत एक पुरा गायक होता. जॅक्सन 2013 मध्ये वारले. आपलं गाणं आपल्या आवाजात मानलं गेलेलं त्यांना थोडं तरी पाहता आलं. तिथल्या आणि इथल्या परिस्थितीत मोठा फरक आहे, आणि तो आपल्या विरोधात जातो. तिथे निदान स्टुडिओचं कपाट होतं. इथे वामनदादांचं बरंच गाणं मांडवात झालं, आणि मांडवातलं गाणं ज्याने आपल्या टेपरेकॉर्डरवर धरलं त्याच्या घरी राहिलं. मुद्रण ओबडधोबड आहे, हे म्हणूनच ते न ऐकण्याचं कारण ठरत नाही. गोंगाट म्हणून ज्याला आपण दोष देतो त्यात श्रोत्यांची दाद असते, ‘पुन्हा एकदा’ ही मागणी असते, कोरसची उचल असते. जलशाच्या गाण्यात श्रोता हा साथीदार आहे. स्टुडिओच्या स्वच्छ मुद्रणात तो नाही. म्हातारपणाचा थकलेला सूरही काही सांगतो. साठ वर्षं एकच विचार गाणाऱ्या माणसाने तो शेवटपर्यंत सोडला नाही, हा त्या सुराचा अर्थ आहे.

म्हणून हा प्रश्न रसिकतेचा आहे तसाच जतनाचाही आहे, आणि इथे पुन्हा या पट्ट्यापाशी यावं लागतं. चुंबकीय फीत फार टिकाऊ नसते. दमट हवेत तिच्यावर बुरशी चढते, लेप सुटतो, चिकटलेली फीत यंत्रात अडकून तुटते. आणि चालू स्थितीतली यंत्रंही दरवर्षी कमी होत आहेत. उल्हास आणि वालधुनी या नद्यांच्या काठची ही गावं. 26 जुलै 2005 च्या पुरात इथल्या असंख्य घरांत पाणी शिरलं. 2019 च्या जुलैत बदलापूर-वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली आणि हजारावर प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावं लागलं, तेव्हाही काठच्या वस्त्या पाण्यात होत्या. अशा घरातलं सामान वाचवताना माणूस आधी मुलं, मग कागदपत्रं, मग धान्य उचलतो. माळ्यावरची, पेटीतली कॅसेट कुणी उचलत नाही, आणि त्यासाठी कुणाला दोषही देता येणार नाही. पण ज्या पिढीने ती फीत भरली ती आता वयस्क आहे. कुठल्या कार्यक्रमाची, कुठल्या सालची, साथीला कोण होतं, हे सांगणारं तोंड उरलं नाही की फीत वाचली तरी मुकी होईल. वामनदादांवर शोधनिबंध लिहिले जातात, त्यांत संग्रहातली पानं उद्धृत होतात. तितक्याच काटेकोरपणे त्यांची मुद्रणं मोजली, तारखांनिशी नोंदली आणि छापील पाठाशी ताडून पाहिली गेली पाहिजेत. एखाद्या गाण्याची किती कडवी त्यांनी कुठे गायली, कुठे शब्द बदलला, हे कळलं तर त्यांच्या रचनेची पद्धत प्रथमच पुराव्यानिशी मांडता येईल. बुद्धविहारं, वाचनालयं, जयंती समित्या हे काम सुरू करू शकतात, कारण फिती त्यांच्याच सभासदांच्या घरी असण्याची शक्यता सर्वांत जास्त.

आणि ऐकण्याचं काम तर कुणालाही आजपासून करता येईल. जयंतीच्या दिवशी मोठे आवाज वाजोत. त्यांनीच ही गाणी जिवंत ठेवली आहेत. त्यांच्या मध्ये कधीतरी ढोलकी थांबवून वामनदादांचं एखादं गाणं त्यांच्याच आवाजात लावावं आणि शेवटच्या कडव्यापर्यंत ऐकावं, जिथे ते स्वतःचं नाव घेतात. ज्याला एके काळी दुसऱ्याचं पत्र वाचता आलं नाही, त्या माणसाने अक्षरं कमावून केलेली ती सही आहे. ती त्यांनी कागदावर केली त्याच्या आधी आवाजात केली होती.